मालनबाईचा टाका

आधी माझंच सांगते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की बाईनं स्वतःला बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. मी सुरेखा. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या प्लांटमध्ये उगवण तपासायचं काम करते. शंभर दाणे ओल्या कागदावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, कागदाची गुंडाळी करून उभी ठेवायची आणि आठव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. बारावी सायन्स झालेल्या बाईला जालन्यात याच्यापेक्षा बरं काम मिळत नाही. खोलीत कूलरसुद्धा आहे. तो बियाण्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही, पण वारा दोघांना लागतो.

मोजणं माझं आणि आकडा मालकाचा, अशी रीत होती. एक्केचाळीस मोजायचे आणि रजिस्टरात अठ्ठ्याहत्तर लिहायचे. असं मी तीन वर्षं केलं. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, खाण्याच्या भावाची सोयाबीन यायची, चाळणीतून निघायची आणि निळा टॅग लावलेल्या पोत्यात जायची. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं. अशा पोत्याची निम्मी किंमत शेतकरी भरायचा आणि निम्मी सरकार आमच्या मालकाला द्यायचं. टॅग कुठून यायचे ते मला माहीत नाही. गठ्ठ्यानं यायचे एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मालक तातेराव. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. सोळाव्या वर्षी घनसावंगीकडून जालन्याला आले, मोंढ्यात सहा वर्षं पोती शिवली, मग दलाली, मग हा प्लांट. माणूस तोंडानं गोड. कोणाच्या घरी मयत झाली तर लाकडं भाऊंकडून, कोणाच्या पोरीचं लग्न असलं तर आचारी भाऊंकडून. प्लांटच्या मागं पत्र्याच्या चाळीस खोल्या त्यांनीच बांधल्या आणि आम्हाला राहायला दिल्या. अशा माणसाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे जीभ जड होते, आणि त्यानं खोल्या बांधल्या त्यासाठीच.

त्या खोल्यांत माझ्या शेजारी मालनबाई राहायची. बुटकी, साठी ओलांडलेली, अंबाड्यात कायम दाभण खोचलेलं. नवरा हमाल होता, मोंढ्यातच छातीत कळ येऊन गेला, तेव्हापासून ती पोती शिवून जगली. प्लांटमध्ये पोती मशीनवर शिवली जातात, पण नमुन्यासाठी टोचलेली, फाटलेली, उंदरानं कुरतडलेली पोती मालनबाईकडं जायची. ती तीर्थपुरीची आणि माझं माहेरही तीर्थपुरी, म्हणून मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिची झाले. रोज पाळीवर जायच्या आधी मी तिच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायचे. माझी लेक शालू पोटात असताना मला काही पचत नव्हतं, तेव्हा हिनं दोन महिने ज्वारीची पेज करून पाजली आहे.

तिचा टाका सगळ्या एमआयडीसीत प्रसिद्ध होता. दोन टाके पुढं, एक मागं, आणि शेवटी सुतळी तोडून गाठ मारायची नाही, तर शेपूट उजव्या टोकाला शिवणीच्या आत दडवायचं. ज्याला ते शेपूट सापडलं, त्यानं एकदा ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते. ज्याला सापडत नाही, त्याला कापडच कापावं लागतं. म्हणजे पोतं मध्ये कोणी उघडलं तर लपत नाही. नमुन्याच्या पिशव्या शिवायला लागतात म्हणून तिनं मला हा टाका शिकवला. मी डावखुरी. माझा टाका उलट्या अंगाला कलायचा आणि शेपूट डाव्या टोकाला जायचं. "डावरे, तुझ्या टाक्यानं माहं नाव बुडनार हाय," असं ती म्हणायची आणि हसायची.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात माझ्या भावाचा, बबलूचा, तीर्थपुरीहून फोन आला. त्याला योजनेतून चार बॅगा मिळाल्या होत्या.

"अक्का, तुमच्याच कंपनीचं बी हाय. पाच एकर पेरलं. एका जागी तीन रोपं दिसून राह्यली अन् चार पावलं मोकळंच. दाना उकरून पाह्यला तर सडेल निघाला."

"पाणी कमी-जास्त झालं असंल," मी म्हणाले. खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तीन वर्षांची सवय होती.

फोन ठेवला आणि मग मात्र जेवण गेलं नाही. त्याच आठवड्यात नवीन जालन्यात बँकेत गेले होते, तिथं भिंतीवर कृषी खात्याचा एक कागद चिकटवलेला होता. सरकारी अनुदानात गैरव्यवहार होत असेल तर कळवा, वसूल होईल त्याचा दहावा हिस्सा बक्षीस, नाव गुप्त. मी तो कागद तीनदा वाचला, आणि तिन्ही वेळा डोळा बक्षीस या शब्दावर थांबला. लोकांना वाटतं की माणूस एकतर भावासाठी असं करतो नाहीतर पैशासाठी. मी दोन्हीसाठी केलं. माझा नवरा, कल्याण, एका रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळया ओढतो, आणि दुसऱ्याच्या पत्र्याखाली आम्हाला सतरा वर्षं झाली होती. अंबड रोडला एक प्लॉट आम्ही दोघं दर रविवारी उगाच बघून यायचो.

मी फोन केला. खात्याच्या तपासणी पथकाचे एक साहेब मला दुपारी स्टेशनच्या बाकावर भेटले. बारीक आवाजाचा, स्वच्छ शर्टाचा माणूस. त्यांनी एक फॉर्म पुढं केला. मी सही करायला पेन घेतला तर म्हणाले, "सही नको. सहीवरून माणूस ओळखता येतो. डाव्या हाताचा अंगठा द्या." मी अंगठा दिला. त्यांनी तो कागद माझ्यासमोर पाकिटात घालून लाखेनं बंद केला. माझ्या अंगठ्याला शाई लागलेली होती, ती मी बाकाच्या खालच्या बाजूला पुसली.

"मालाचा नमुना लागेल," ते म्हणाले. "टॅगसकट. आणि पिशवी अशी बंद करा की मध्ये कोणी उघडली तर मला कळलं पाहिजे."

आता इथं मी चुकले. मला चिकटपट्टी लावता आली असती, मेणबत्तीचं मेण लावता आलं असतं, पॉलिथिन जाळून बंद करता आलं असतं. पण साहेबांनी सांगितलं की कोणाला उघडता येऊ नये, आणि मला या जगात एकच अशी बंद करायची रीत माहीत होती. जिचं काम चांगलं असतं तिला ते चांगलं करायची खोडही असते. मी घरी दार लावून बसले आणि नमुना भरलेली कापडी पिशवी मालनबाईच्या टाक्यानं शिवली, अगदी मन लावून, आणि साहेबांना नेऊन दिली. सहीवरून माणूस ओळखू येतो हे साहेबांना ठाऊक होतं. टाक्यावरून ओळखू येतो हे मला ठाऊक असायला पाहिजे होतं.

पथक यायला मे महिना उजाडला. ऐन हंगाम, प्लांटमध्ये पोत्यांच्या थप्प्या छताला लागलेल्या. दुपारी पोलिसांसकट तीन गाड्या आल्या, फाटक बंद झालं आणि आम्हा सगळ्यांना शेडमध्ये एका ओळीत उभं केलं. ऐंशी बाया, वीसेक गडी. भाऊ पंख्याखाली खुर्चीवर बसून होते, शांत. तेच साहेब टेबलाशी होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि मला बरं वाटलं.

पंचनामा लिहून झाला तेव्हा त्यांनी बॅगेतून माझी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. आतला माल गोदामातल्या मालाशी पंचांसमोर मिळवून बघायचा होता. मला वाटलं होतं पिशवी दूर कुठल्या तरी ऑफिसात उघडतील. साहेबांनी नखानं शिवण उचकटून पाहिली, मग किल्लीनं. उघडेना.

"कापड कापायचं नाही," ते म्हणाले. "शिवण तशीच निघाली पाहिजे. जमेल का कोणाला?"

"आमची मालनबाई हाय की," ओळीतून नंदाबाई म्हणाली. नंदाबाई म्हणजे आमच्या खोल्यांतला मोठा आवाज. तिच्या बोलण्यात कौतुकच होतं. "बोलवा तिला. असल्या शिवनी ती डोळे मिटून उसवती."

मालनबाई पुढं गेली. अंबाड्यातलं दाभण काढलं, पिशवी हातात घेतली. तिचं बोट सवयीनं शिवणीच्या उजव्या टोकाला गेलं. तिथं शेपूट नव्हतं. बोट थांबलं. एवढंच, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मग तिनं पिशवी जराही न फिरवता दाभण डाव्या टोकाला घातलं, शेपूट बाहेर काढलं आणि ओढलं. शिवण सरसर उसवली.

बाया हसल्या. साहेबांनीही मान डोलावली. भाऊ मात्र हसले नाहीत. सहा वर्षं पोती शिवलेला माणूस तो. ते खुर्चीवरून उठून आले आणि हळूच विचारलं, "मालनबाई, टाका कोनाचा हाय हा?"

मालनबाई निघालेली सुतळी बोटाला गुंडाळत होती. सुतळी वाया घालवायची नाही ही तिची सवय. तिनं मान खाली ठेवूनच सांगितलं, "माह्याच वळनाचा हाय, भाऊ."

शेडमध्ये शंभर माणसं होती. तिनं मान वर केली आणि सगळ्यांकडं एकदा पाहिलं, फक्त माझ्याकडं पाहिलं नाही. तिला कळलं होतं. तेवढ्यात मी दोन पावलं पुढं जायला पाहिजे होतं. भाऊ, टाका माझा आहे, एवढं वाक्य. साहेब समोर होते, पोलीस समोर होते, कोणी मला तिथं खाल्लं नसतं. मी स्वतःला नंतर पुष्कळ कारणं सांगितली. कल्याणचं, शालूचं, प्लॉटचं. खरं कारण हे की मी भ्याले.

गोदामाला सील लागलं. हंगाम गेला. ऐंशी बायांचं काम एका दुपारी बसलं, आणि ते कोणामुळं बसलं हे सगळ्यांना संध्याकाळपर्यंत माहीत झालं. दुसऱ्या दिवशी भाऊ खोल्यांकडं आले. खुर्ची मागवली, पाणी प्याले.

"म्हातारीला कोनी बोट लावायचं न्हाई," ते म्हणाले. "मी तिला काढनार बी न्हाई. खोली तिचीच हाय. राहू द्या तिला हितंच, तुमच्यातच."

भाऊंचं मन किती मोठं म्हणून बायांनी पदर डोळ्याला लावले. मी मात्र मनातून चरकले. हाकलून दिलं असतं तर ती एका दिवसात सुटली असती.

आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, एक दिवसाआड, सकाळी. आदल्या संध्याकाळपासून घागरींची रांग लागते आणि ज्याची घागर पुढं त्याला पाणी. मालनबाईची घागर तांब्याची, तिच्या लग्नातली, लांबून ओळखू येणारी. पहिल्या दिवशी नंदाबाईनं ती पायानं रांगेबाहेर सरकवली. मालनबाईनं ती उचलून शेवटी नेऊन ठेवली. शेवटच्या घागरीला टँकरचं तळातलं गढूळ येतं, कधी तेही येत नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाईनं सरकवली. मग ती रीतच पडली. कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही. फक्त तिच्याशी कोणी बोलेना, आणि तिची घागर दर खेपेला मागं जायची.

मी कल्याणला म्हणाले, "मी जाऊन सांगते."

"गप राह्य," तो म्हणाला. "तुहं काम तर बसलंच. खोली बी गेली तर शालूला घेऊन कुठं जायचं? पैसे आले की म्हातारीला काहीतरी देऊ. बराबर देऊ."

मला ते ऐकून हलकं वाटलं. ती लाज मी आजही लपवत नाही.

त्या दिवसांत मालनबाई रोज सकाळी उंबऱ्यावर चहा घेऊन बसायची. दोन कप. एक तिच्या हातात, एक शेजारी बशीनं झाकलेला. मी तो पहिल्या सकाळी पाहिला आणि मला वाटलं, ही मला टोमणा मारते आहे. किंवा सगळ्यांसमोर मला उघडं पाडायचा बेत आहे. दुसऱ्या दिवसापासून मी काम शोधायला मागच्या बोळातून जायला लागले. बोळात गटार आहे, उकिरडा आहे, तरी तिथूनच. पत्र्याच्या फटीतून मला तिचा उंबरा दिसायचा. ऊन पायरीवर येईपर्यंत ती बसायची, मग झाकलेला कप उचलून आत न्यायची.

अकराव्या दिवशी टँकर आला तेव्हा तिची घागर चुकून माझ्या घागरीच्या पुढंच राहिली होती. सगळ्या बाया उभ्या. नंदाबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

"सुरेखा, तू लई माया करत होतीस तिची. बघून काय राह्यली? सरकव ती."

मालनबाई चार हातांवर उभी होती. मी वाकले आणि तिची घागर बाजूला सरकवली. जड नव्हती, रिकामीच होती. वर बघायचं धाडस झालं नाही, म्हणून मी माझ्या घागरीचं तोंड पदरानं पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीला कुलूप होतं. तीर्थपुरीला पुतण्याकडं गेली असं वॉचमन म्हणाला. उंबऱ्यावर काही नव्हतं. मी त्या दिवशी पुढच्या वाटेनं कामाच्या शोधात गेले.

पुढचं सगळं कागदावर होत राहिलं. भाऊंनी दंड भरला, अनुदानाची रक्कम हप्त्यानं परत करायचं कबूल केलं, आणि दिवाळीनंतर तोच प्लांट सुनेच्या नावावर, नव्या पाटीनं, त्याच मशिनींवर पुन्हा सुरू केला. आम्हा सगळ्यांना परत घेतलं. मलाही. बायांनी भाऊंना नारळ दिला. मी पुन्हा कूलरच्या खोलीत दाणे मांडायला लागले, आणि आता आकडा खरा लिहायला सांगतात. कधीपर्यंत ते माहीत नाही.

या मार्चमध्ये साहेबांचा फोन आला. बक्षिसाचा पहिला हिस्सा मंजूर झाला होता. पुन्हा तोच बाक. त्यांनी लाखेचं पाकीट फोडलं, माझा जुना अंगठा आणि नवा अंगठा भिंग लावून मिळवून पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "बघा, वर्ष होत आलं, पण तुमच्या नावाचा सुगावा कोणाला लागला नाही. आम्ही शब्द पाळतो."

"साहेब, दुसरीच बाई त्याच्यात मेली," मी म्हणाले.

ते दचकले. मेली म्हणजे तशी नाही, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि वाईट झालं असं म्हणाले. रक्कम त्यांनी सांगितली तेवढी एकरकमी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आम्ही रविवारी बघायचो त्या प्लॉटचा निम्मा भाग तिच्यात आला असता.

त्याच्या पुढच्या रविवारी मी एका रुमालात पैसे बांधून तीर्थपुरीला गेले. मालनबाई पुतण्याच्या घरामागं, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होती. दारात बसून कोणाची तरी वाकळ शिवत होती. आता गावात वाकळी शिवून देते असं शेजारीण म्हणाली. अंग अर्धं झालेलं. एका डोळ्यात पांढरं उतरलेलं. मी समोर उभी राहिले तरी तिला ओळखायला वेळ लागला.

"सुरेखा व्हय? बस," ती म्हणाली. "ऊन लई हाय. पानी घे."

मी पाणी प्याले. मग रुमाल तिच्यासमोर ठेवला. तिनं हात लावला नाही.

"काय हाय हे?"

"पैसे आहेत मावशी. बक्षिसातले. तुझा वाटा."

"माहा कशाचा वाटा? ते तू केलं. चांगलं केलं. चोर पकडून दिला, त्याच्यात वाईट काय हाय." ती खरंच तसंच म्हणाली, टाका न थांबवता. "गरिबाच्या रानात सडेल बी जाऊन राह्यलं व्हतं. मी बी पोती शिवून शिवून त्याच पापात व्हते. तुझं कौतुकच वाटलं मला."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"शेपूट डाव्या अंगाला व्हतं. तुला हजारदा सांगितलं व्हतं मी."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दात सुटली असतीस. टाका डाव्या हाताचा आहे म्हणायचं होतं."

ती थांबली. वाकळीत सुई टोचून ठेवली आणि चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"मी बोलले असते तर ते माहं सांगनं झालं असतं पोरी. मंग तुला सांगायला काय राह्यलं असतं? म्हनलं, पोरगी भेली हाय. आज न्हाई तर उद्या येईल, चहा पिईल, अन् म्हनंल चल मावशी, दोघी मिळून भाऊकडं जाऊ. मी तयारीत व्हते. अकरा दिवस तुहा कप भरून ठिवला."

मी समोरच्या रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"लोकायचं मला काही वाटलं न्हाई," ती म्हणाली. "ते येडे. पन त्या दिवशी तू घागर सरकवली अन् वर बी बघितलं न्हाई. तवा म्हनलं, आता ही येत न्हाई. मंग कशाला बसायचं." तिनं रुमाल माझ्या मांडीवर परत ठेवला आणि सुई पुढं केली. "एवढी ओवून दे. मला दिसत न्हाई आता."

मी सुई ओवली, डाव्या हातानं. तिनं ती घेतली आणि पुन्हा शिवायला लागली. मी निघते म्हणाले तेव्हा ती बरं म्हणाली. पुन्हा ये म्हणाली नाही.

बसमध्ये मी ठरवलं. कल्याणला विचारलं नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाया शेडमध्ये डबे सोडून बसल्या होत्या, भाऊही तिकडूनच चालले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं. फोन मी केला. पिशवी मी शिवली. मालनबाईला काही माहीत नव्हतं. सगळं सांगितलं, बक्षिसासकट.

कोणी ओरडलं नाही. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. भाऊ थांबले आणि माझ्याकडं दयेनं बघायला लागले.

"सुरेखा, रजिस्टर तुह्या अक्षरात हाय," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर तू लिवले. स्वतःच्या पायावर धोंडा कोन मारून घेतं? तीर्थपुरीला जाऊन आलीस असं ऐकलं. म्हातारीनं रडून दाखवलं असंल."

"साहेबांना विचारा," मी म्हणाले आणि तिथंच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. साहेबांचा बारीक आवाज आला. अशी कोणतीही महिला आमच्या माहितीत नाही, ते म्हणाले, आणि असले फोन करू नका. फोन बंद झाला. त्यांनी शब्द पाळला.

मी खोलीतून दाभण आणि सुतळी आणली. कापडाचा तुकडा घेतला आणि त्यांच्यासमोर बसून शिवून दाखवलं. दोन पुढं, एक मागं, शेपूट डाव्या टोकाला. बघा, उलटा आहे, तिचा उजवीकडं कलायचा, माझा डावीकडं कलतो. नंदाबाईनं तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बाजूच्या बाईकडं दिला.

"बिलकुल मालनबाईचाच टाका हाय," ती म्हणाली. "तिनंच शिकवला ना हिला, मंग दुसरा कसा येईल?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. हात मऊ होता. "गुरूचं पाप स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यली बाई ही. कोन करतं आजकाल एवढं?"

दोघीतिघींच्या डोळ्यात पाणी आलं. एकीनं तिच्या डब्यातली चटणी माझ्या भाकरीवर वाढली. मी नाही नाही म्हणत राहिले, आणि मी जितकं नाही म्हणाले तितका त्यांचा विश्वास पक्का होत गेला.

पैसे बँकेतच आहेत. कल्याण प्लॉटचं नाव काढतो तेव्हा मी उठून बाहेर जाते. शेडमध्ये सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. मी उशिरा पोचले, रांग संपत आली असेल असं वाटलं. माझी घागर जागेवर नव्हती. नंदाबाईनं ती सगळ्यांच्या पुढं, पहिल्या धारेखाली नेऊन ठेवली होती, आणि बाया मला वाट करून देत होत्या.